मधला वजा आणि ताळा

आजचा लेख गणिताचा आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पळायचं आहे त्यांनी आत्ताच पळावं. आमच्या पुण्याच्या जाऊबाई तर शीर्षक वाचूनच गेल्या असतील. जे थांबलेत त्यांना एवढंच सांगते की बेरीज, वजाबाकी, गुणाकार यापलीकडे काही लागणार नाही, आणि मध्ये एक भांडणही आहे. भांडणासाठी तरी थांबा.

विषय आहे दोन सदिशांचा सदिश गुणाकार. आजची मुलं त्याला क्रॉस प्रॉडक्ट म्हणतात. मला आपला जुना शब्द आवडतो. स-दिश म्हणजे दिशेसकट. तांदूळ पाच किलो म्हटलं की संपलं, ते अदिश. पण "पाच किलोमीटर चाल" म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच, "कुठल्या दिशेला?" तो सदिश. बी.ए.ला आम्ही गणित मराठीतून शिकलो त्याचा हा एक फायदा झाला, की व्याख्या अर्धी नावातच सापडायची. (गणित घेऊन बी.ए. करणाऱ्या आम्ही वर्गात दोनच मुली होतो. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.)

शाळेत मी दहावीपर्यंतच शिकवलं, त्यामुळे सदिश माझ्या वाट्याला नोकरीत कधी आले नाहीत. ते आले गेल्या वर्षी, नातू अकरावीत गेल्यावर. बालभारतीच्या २०१९ च्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात दुसराच धडा गणिती पद्धतींचा आहे आणि त्यात हा गुणाकार येतो. गणिताच्या पुस्तकात निश्चयक चौथ्या धड्यात, आणि सदिशांचा खरा धडा तर बारावीत! म्हणजे पाहुणे आधी आणि चुलीवर आधण नंतर. मधली फट क्लासवाले भरून काढतात. कशी, तर एक चौकट देऊन. वरच्या ओळीत तीन दिशा, मधल्या ओळीत पहिल्या सदिशाचे तीन आकडे, खालच्या ओळीत दुसऱ्याचे. मग एक स्तंभ झाका, उरलेल्यांचा तिरपा गुणाकार करा, वजा करा, आणि हो, मधल्या पदाला वजा लावायला विसरू नका.

नातवाने क्लासमध्ये विचारलं होतं, मधल्यालाच वजा का? उत्तर मिळालं की ते तसंच असतं, पाठ कर. मग त्याने मला फोनवर विचारलं. पण त्याचा आवाज प्रश्न विचारणाऱ्याचा नव्हता, हरलेल्याचा होता. "आजी, मी हे दहा वेळा केलं आणि चार वेळा चुकलं. चुकलं हे मला मागचं उत्तर बघितल्याशिवाय कळतच नाही." मला खटकलं ते हे शेवटचं वाक्य. मधला वजा विसरतो यात काय विशेष, सगळेच विसरतात. पण सोळा वर्षांच्या, चांगल्या हुशार मुलाला स्वतःचं उत्तर बरोबर की चूक हे पुस्तकाचं शेवटचं पान उलटल्याशिवाय कळू नये, आणि तेही अशा गणितात, जे आपला ताळा स्वतःच घेऊन येतं!

ताळा हा शब्द आठवतो ना? चौथीत भागाकार झाला की खाली रेघ मारून भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी करायचं, भाज्य आलं पाहिजे. नाही आलं तर बाईंकडे जायचंच नाही, आधी चूक शोधायची. माझ्या वर्गात ताळ्याशिवाय मी वही तपासत नसे. मुलं कुरकुरायची, पण वर्षभरात त्यांना एक सवय लागायची, "बाई, बरोबर आहे का?" हे न विचारण्याची.

तर माझं म्हणणं असं आहे. हा गुणाकार आधी दिशांनिशी उलगडून हाताने करायला शिकवावा, त्याला ताळा जोडावा, आणि ती निश्चयकाची चौकट शेवटी द्यावी, लक्षात ठेवायची सोय म्हणून. आज नेमकं उलट चालतं. चौकट पहिली येते आणि ताळा येतच नाही.

आता प्रत्यक्ष करून बघू. दिशांची परदेशी अक्षरं सोडून देऊ. आपल्या अंगणात उभे राहा, तीन दिशा घ्या, पूर्व, उत्तर आणि वर. तिन्ही एकमेकींना काटकोनात. नियम एकच, आणि तो रिंगणासारखा फिरतो. पूर्व गुणिले उत्तर म्हणजे वर. उत्तर गुणिले वर म्हणजे पूर्व. वर गुणिले पूर्व म्हणजे उत्तर. रिंगणात सरळ गेलात तर उत्तर धन, उलटं गेलात तर तेच उत्तर वजा होऊन येतं. उत्तर गुणिले पूर्व म्हणजे वजा वर, म्हणजेच खाली. आणि एखादी दिशा स्वतःशीच गुणली तर शून्य.

विश्वास नसेल तर उजवा हात पुढे करा. बोटं पूर्वेकडे, मग ती उत्तरेकडे वळवा, अंगठा वर राहील. उजवाच हात हं! परीक्षेत गंमत होते. उजव्या हातात पेन असतं, म्हणून मुलं घाईत डावा हात वळवून बघतात आणि उत्तर नेमकं उलटं येतं. इथे डावखुऱ्या मुलांची चैन असते, एरवी बिचाऱ्यांची कात्रीपासून सगळीकडे अडचण.

पहिला सदिश घेऊ पूर्वेला २, उत्तरेला ३, वर १. दुसरा पूर्वेला १, उत्तरेला वजा १ (म्हणजे दक्षिणेला १), वर ४. पहिल्यातल्या प्रत्येकाने दुसऱ्यातल्या प्रत्येकाला गुणायचं, कंस सोडवताना आठवीत करतो तसंच. नऊ गुणाकार होतील. त्यातले पूर्व-पूर्व, उत्तर-उत्तर, वर-वर हे तीन शून्य. उरले सहा.

पूर्वेचे २ आणि उत्तरेचा वजा १ यांचे झाले वर वजा २. पूर्वेचे २ आणि वरचे ४ हे रिंगणात उलटं आहे, म्हणून उत्तरेला वजा ८. उत्तरेचे ३ आणि पूर्वेचा १, पुन्हा उलटं, वर वजा ३. उत्तरेचे ३ आणि वरचे ४, सरळ, पूर्वेला १२. वरचा १ आणि पूर्वेचा १, सरळ, उत्तरेला १. आणि वरचा १ नि उत्तरेचा वजा १, हे उलटं आणि शिवाय मुळात वजा, म्हणून पूर्वेला अधिक १. आता एकेक दिशा गोळा करा. पूर्वेला १२ आणि १ मिळून १३. उत्तरेला वजा ८ आणि १ मिळून वजा ७. वर वजा २ आणि वजा ३ मिळून वजा ५. उत्तर झालं १३, वजा ७, वजा ५.

यात "मधला वजा" कुठे लावला? कुठेच नाही. प्रत्येक वजा आपापल्या कारणाने आला. चौकटीतला तो प्रसिद्ध वजा येतो एवढ्याचसाठी, की चौकटीत मधला स्तंभ झाकल्यावर आपण पूर्व आधी आणि वर नंतर असं डावीकडून उजवीकडे वाचतो. रिंगणाचा क्रम मात्र वर आधी, पूर्व नंतर असा आहे. उलटं वाचलं म्हणून वजा लावून सरळ करायचं, बस. ज्याला वजा नको असेल त्याने मधलं पद लिहितानाच वर आधी घ्यावं. पहिल्याचा वरचा गुणिले दुसऱ्याचा पूर्वेचा, उणे पहिल्याचा पूर्वेचा गुणिले दुसऱ्याचा वरचा. १ उणे ८, वजा ७. हे मी नातवाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "एवढंच?" मुलांचं हे "एवढंच?" ऐकायला मला अजून फार बरं वाटतं.

आता ताळा. या गुणाकाराचं उत्तर मूळच्या दोन्ही सदिशांना काटकोनात असतं. आणि दोन सदिश काटकोनात असले की त्यांचा दुसरा गुणाकार, अदिश गुणाकार, शून्य येतो. तो तर अगदी सोपा, जागच्या जागी गुणायचं आणि बेरीज करायची. पहिल्याशी करू. २ गुणिले १३ म्हणजे २६, ३ गुणिले वजा ७ म्हणजे वजा २१, १ गुणिले वजा ५ म्हणजे वजा ५. बेरीज शून्य! दुसऱ्याशी, १३, अधिक ७, उणे २०. पुन्हा शून्य! मधला वजा विसरून कुणी १३, ७, वजा ५ लिहिलं असतं तर पहिल्याच ताळ्यात २६ अधिक २१ उणे ५ म्हणजे ४२ आले असते. चूक तिथल्या तिथे पकडली.

या ताळ्याच्या मर्यादाही सांगते, नाहीतर आमचे धाकटे भाऊजी इंजिनियर आहेत, ते सोडणार नाहीत. उत्तराची सगळी चिन्हं उलटी झाली, किंवा सगळे आकडे दुप्पट झाले, तर काटकोन तसाच राहतो आणि ताळा गप्प बसतो. उलट्या चिन्हांसाठी उजवा हात आहे. आकारासाठी दुसरा ताळा आहे, त्याकडे येतेच, पण त्याआधी जरा इतिहास, कारण हा दुसरा ताळा तिथूनच आला.

आयर्लंडमधल्या डब्लिनचा हॅमिल्टन १६ ऑक्टोबर १८४३ रोजी बायकोबरोबर कालव्याच्या कडेने चालला होता, तेव्हा त्याला तीन दिशांच्या गुणाकाराचे नियम सुचले आणि त्याने ते चाकूने पुलाच्या दगडावर कोरले. त्याच्या पद्धतीत दोन सदिश गुणले की उत्तराचे दोन तुकडे पडत, एक नुसता आकडा आणि एक दिशेचा भाग. आकडा म्हणजे अदिश गुणाकार, फक्त वजा चिन्हाचा. दिशेचा भाग म्हणजे आपला सदिश गुणाकार. पुढे अमेरिकेत येल विद्यापीठात गिब्स नावाच्या प्राध्यापकांनी हे दोन तुकडे वेगळे केले आणि १८८१ व १८८४ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी टिपणं छापली. इंग्लंडमध्ये हेविसाइडने स्वतंत्रपणे तेच केलं. गिब्स यांच्या व्याख्यानांवरून त्यांचा विद्यार्थी विल्सन याने १९०१ साली पुस्तक काढलं आणि ठिपक्याचा नि फुलीचा गुणाकार जगभर गेला. म्हणजे ही दोन भावंडं आहेत, एका घरातली, वाटण्या झालेली. म्हणूनच एकाचा ताळा दुसरा करतो.

हॅमिल्टनच्या मूळ गुणाकारात लांबी हरवत नाही. दोन सदिशांच्या लांबींच्या वर्गांचा गुणाकार म्हणजे या दोन तुकड्यांच्या वर्गांची बेरीज. आपल्या उदाहरणात पहिल्याच्या लांबीचा वर्ग ४, ९, १ मिळून १४. दुसऱ्याचा १, १, १६ मिळून १८. १४ गुणिले १८ म्हणजे २५२. त्यांचा अदिश गुणाकार २ उणे ३ अधिक ४ म्हणजे ३, त्याचा वर्ग ९. आणि आपल्या उत्तराचा वर्ग १६९, ४९, २५ मिळून २४३. २४३ आणि ९, किती झाले? २५२. आहे की नाही?

पण या कथेत माझा जीव अडकलाय तो हॅमिल्टनमध्ये नाही, ग्रासमनमध्ये. हरमान ग्रासमन हा श्टेटिन गावातला (आता ते पोलंडमध्ये आहे) शाळामास्तर. त्याने १८४४ साली दिशांच्या गुणाकारावर एक मोठं पुस्तक लिहिलं. त्याच्यासाठी दोन रेषांचा गुणाकार म्हणजे त्यांच्यामध्ये मावणारं क्षेत्र, आणि त्या क्षेत्राला फिरण्याची एक दिशाही. पुस्तक कुणी वाचलं नाही. वीस वर्षांनी प्रकाशकाने न खपलेल्या सुमारे ६०० प्रती रद्दीत काढल्या. प्रयत्न करूनही विद्यापीठात जागा मिळाली नाही, तो शाळेतच शिकवत राहिला. मग काय केलं असेल? संस्कृत शिकला! ऋग्वेदाचा कोश केला, १८७३ ते १८७५ मध्ये तो निघाला आणि संस्कृतचे अभ्यासक तो आजही वापरतात. ऋग्वेदाचं जर्मन भाषांतरही केलं. १८७६ मध्ये ट्यूबिंगेन विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली, ती या कामासाठी, गणितासाठी नव्हे. पुढच्या वर्षी तो गेला. शाळामास्तरांना कमी लेखणाऱ्या आमच्या नात्यातल्या काही मंडळींनी (त्यांनी ओळखलं असेलच) हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

ग्रासमनची ती क्षेत्राची कल्पना आमच्या घरात रोज वापरली जायची, नाव न घेता. आमचे हे भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक होते. समजा, शेताचा एक कोपरा विहिरीपाशी आहे. दुसरा कोपरा तिथून पूर्वेला ६० मीटर, उत्तरेला २०. तिसरा पूर्वेला १५, उत्तरेला ८०. त्रिकोणी तुकडा. ६० गुणिले ८० म्हणजे ४८००, १५ गुणिले २० म्हणजे ३००, वजाबाकी ४५००, त्याचं निम्मं २२५० चौरस मीटर. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ सव्वाबावीस गुंठे झाले. यातले ते ४५०० म्हणजेच सदिश गुणाकारातला "वर"चा आकडा. कोपरे उलट्या क्रमाने घेतले तर तेच वजा येतं. जमीन काही वजा झालेली नसते, तुम्ही बांधावरून उलटे फिरलेले असता. मी ह्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "आम्ही चिन्ह सोडून द्यायचो, शेतकरी घाबरायचा." पण जमिनीचा तंटा ज्याने पाहिलाय त्याला कळेल, मोजणीचा आकडा दुसऱ्या वाटेने पडताळून बघणं म्हणजे काय ते. दोन भावांची तोंडं पुन्हा एकमेकांकडे वळतील की नाही हे त्यावर ठरतं.

आता भांडण. मी हे सगळं म्हटलं की पालक म्हणतात, "बाई, वेळ कुठे आहे? सीईटीच्या गणिताच्या पेपरला ९० मिनिटांत ५० प्रश्न." मान्य. एका प्रश्नाला एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. पण तिथे चार पर्यायही दिलेले असतात ना? समजा आपल्याच गणिताचे पर्याय असे आहेत, १३, ७, वजा ५. ११, वजा ७, वजा ५. १३, वजा ७, ५. आणि १३, वजा ७, वजा ५. पर्याय काढणारा माणूस हुशार असतो, मुलं जिथे घसरतात तिथेच तो खड्डा खणतो. ११ हा वजा-वजा अधिक न करणाऱ्यासाठी. आता गुणाकार न करता नुसता पहिल्या सदिशाशी ताळा लावा. ४२, वजा ४, १०, शून्य. संपलं! पंधरा सेकंदही लागत नाहीत. चौथ्याचा उलटा पर्यायही ठेवलेला असेल तर एक पद काढून चिन्ह बघायचं. ज्या ताळ्याला वेळ नाही म्हणून हाकललं तोच वेळ वाचवतो. मग क्लासमध्ये का नाही शिकवत? मला वाटतं, सूत्र देणं सोपं असतं. ताळा दिला की मूल थोडं मोकळं होतं, आणि मोकळं झालेलं मूल "का" विचारतं.

आणि हा प्रश्न नुसत्या मार्कांचा नाही. आमच्या शेजारची मुलगी दहावीपर्यंत गणितात पहिली यायची, बारावीत म्हणायला लागली की माझा मेंदू गणिताचा नाही. तिच्या वह्या मी पाहिल्या. पद्धत सगळीकडे बरोबर होती. चिन्हांच्या चुका होत्या, आणि प्रत्येक चुकीपुढे दुसऱ्या कुणीतरी मारलेली लाल फुली. तिला स्वतःची चूक स्वतःला सापडल्याचा अनुभव दोन वर्षांत एकदाही मिळाला नव्हता. तिने शेवटी गणित सोडलं. वाणिज्य शाखेला गेली, छान चाललंय तिचं, वाणिज्यात वाईट काही नाही. पण ती गणितातून उठली ती आवड नव्हती म्हणून नाही, एवढं मला माहीत आहे.

चौकट वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्याला आतलं कळलंय त्याला ती फार सोयीची. पण निश्चयक हा मुळात आकड्यांचा तक्ता, त्याच्या पहिल्या ओळीत दिशा बसवायच्या म्हणजे पंगतीत आंब्याची पेटी बसवल्यासारखं आहे. चालतं, पण का चालतं हे कुणीतरी सांगायला हवं.

भाऊजी आणि इतर जे इथवर आलेत त्यांच्यासाठी एक गणित देऊन ठेवते. पहिला सदिश पूर्वेला १, उत्तरेला २, वर २. दुसरा पूर्वेला २, उत्तरेला १, वर वजा २. कागदावर करा, मोबाइलवर नाही. लांबीही काढा, ती छान पूर्णांकात येते. उत्तर मी देणार नाही.